७.३ पॉवरस्ट्रोक : आयडीएम १४० व्होल्टचा करून घेतला, आता पी१३१६ आणि पी१२९३ येतायत

रस्तोरस्ती :
मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी फोर्ड सुपर ड्यूटी, २००० चं मॉडेल, ७.३ डिझेल, ऑटोमॅटिक. इंजेक्टर मूळचेच आहेत आणि बरेच चाललेले आहेत, त्यामुळे थंडीत सुरू केली की बराच वेळ फडफड आणि पांढरा धूर. म्हणून आयडीएम (इंजेक्टरना जास्त व्होल्ट देऊन चालवणारा मॉड्यूल) काढून एका माणसाकडून आतला रेझिस्टर बदलून घेतला, मूळ ११० ते १२० व्होल्टच्या जागी आता १४० ला जातो म्हणाला. बसवल्यावर फरक जाणवला हे खरं, थंड इंजिन पटकन सरळ चालायला लागलं, आवाज थोडा कडक झाला. पण आता इंजिन पूर्ण तापलं आणि मागे ट्रेलर असला की चढावर एकदम अर्धी ताकद जाते, सगळी गाडी थरथरते, दोन-चार सेकंदांनी परत नीट. आधी कधीतरी व्हायचं, आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या चढावर होतंय. गाडीने नोंदलेले दोष दाखवणाऱ्या साध्या कोड रीडरवर फक्त पी१३१६ दिसला. मग फोर्डचे आतले कोड वाचणारा स्कॅनर मागून आणला तर त्यात पी१२९३. ज्याने काम केलं तो म्हणतो मॉड्यूल ठीक आहे, इंजेक्टर बदला. आठ इंजेक्टर म्हणजे मोठा खर्च आहे हो, नुसत्या अंदाजावर कसे बदलू?

काळंतेल :
इंजेक्टर मागवू नको अजून. आधी आयसीपी सेन्सरचा (तेलाचा दाब मोजतो तो) प्लग काढून बघ, आत तेल आलंय का. चढावर ताकद गेली म्हणजे पहिला संशय हाय प्रेशर ऑइलवर, या इंजिनात इंजेक्टर तेलाच्या दाबावरच चालतो. तो दाब कमी-जास्त करणारा आयपीआर व्हॉल्व्हपण बघ. टॅकोमीटरचा काटा खाली पडतो का त्या वेळी? पडत असेल तर कॅम सेन्सर (इंजिन कुठे फिरतंय ते सांगणारा), या इंजिनाला तो रोग आहेच.

रस्तोरस्ती :
काटा पडत नाही, नीट आरपीएम दाखवत राहतो. आयसीपीच्या प्लगमध्ये तेल नाही, कोरडा आहे. तेलाच्या दाबाचे पी१२११, पी१२१२ किंवा कॅम सेन्सरचा पी०३४० यातलं काहीच आलेलं नाही.

वायरगुंता :
मग तेल आणि कॅम सेन्सर दोन्ही सध्या बाजूला ठेवू. तुझ्या कोडनेच बरंच सांगितलंय, नीट वाचला पाहिजे फक्त.

पी१३१६ हा दोष नाहीच. पीसीएम, म्हणजे इंजिनचा मुख्य कॉम्प्युटर, एवढंच सांगतोय की आयडीएमकडे काहीतरी नोंदलेलं आहे, ते जाऊन वाचा. म्हणून साध्या रीडरवर तेवढाच दिसला आणि माणसं तिथेच घोटाळतात, पी१३१६ आला की आयडीएम बदलून मोकळे. खरी माहिती त्याच्या मागच्या कोडमध्ये असते.

आता इंजेक्टरची वायरिंग कशी आहे ते डोळ्यासमोर आण. या इंजिनात एका बाजूच्या चारही इंजेक्टरना आयडीएमकडून एकच सामाईक वायर जाते, तिला हाय साइड म्हणतात. आणि प्रत्येक इंजेक्टरची परतीची वायर वेगळी, ती लो साइड. बँक १ म्हणजे उजवी बाजू, सिलिंडर १-३-५-७. बँक २ डावी, २-४-६-८. त्यामुळे कोडचे तीन गट पडतात. पी१२७१ ते पी१२७८ आला तर त्या-त्या एका सिलिंडरचं सर्किट उघडं, शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर. पी१२६१ ते पी१२६८ आला तर त्या सिलिंडरच्या हाय आणि लो साइड एकमेकांना शॉर्ट. आणि पी१२९३ किंवा पी१२९४ म्हणजे अख्ख्या बँकेची सामाईक वायर उघडी, ९३ उजवी, ९४ डावी. पी१२९१ आणि ९२ असेल तर तीच सामाईक वायर बॉडीला किंवा बॅटरीच्या वायरला चिकटतेय.

तुझा ९३ आहे. म्हणजे उजव्या बाजूचे चारही इंजेक्टर एकाच क्षणी बंद पडतायत, म्हणूनच बरोबर अर्धी ताकद जाते. आता मला सांग, चार इंजेक्टर एकाच सेकंदाला खराब होतात आणि चार सेकंदांनी चारही एकदम बरे होतात, असं कधी होईल का? म्हणून इंजेक्टर बदला हा सल्ला या कोडवर अजिबात बसत नाही. दोष सामाईक वायरच्या रस्त्यात कुठेतरी आहे. तो रस्ता म्हणजे आयडीएमच्या आतला ड्रायव्हर, आयडीएमचा प्लग, हार्नेस, व्हॉल्व्ह कव्हरवरचा नऊ पिनचा प्लग, गॅस्केटमधून आत जाणारा जोड, आणि आतला हार्नेस. एवढंच.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. मूळ आयडीएम किंवा कुणाकडचा न छेडलेला आयडीएम मिळाला तर तो बसव आणि त्याच चढावर तोच ट्रेलर घेऊन जा. तोच कोड आला तर मॉड्यूल सुटला, वायरिंग धर. नाही आला तरी लगेच मॉड्यूलला दोषी ठरवू नकोस, कारण कमी व्होल्टेजवर अर्धवट जोड कधीकधी तग धरतो.

मीटरवाली :
वायरगुंता यांनी वायरिंगचं सांगितलंय, मी मॉड्यूलच्या आतलं सांगते, कारण हे बदल केलेले आयडीएम माझ्याकडे टेबलावर येतात.

आधी सुरक्षेचं. याच्या आत शंभराच्या वर डीसी व्होल्ट आहेत आणि मागे अँपिअरही आहेत. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरीला टोचून मीटर लावायचा नाही, प्लग ओढायचा नाही. चावी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा, बॉक्स उघडणार असाल तर कपॅसिटरवर मीटर लावून व्होल्टेज उतरलाय याची खात्री करा, मगच हात घाला. यात घाई करू नका, मनापासून सांगते.

आता तो रेझिस्टर काय करतो. आयडीएम बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन चढवतो आणि कपॅसिटरमध्ये साठवतो. किती चढले ते एका फीडबॅक सर्किटवरून त्याला कळतं. त्या सर्किटमधला रेझिस्टर बदलला की मॉड्यूलला वाटतं अजून पुरेसे चढले नाहीत, मग तो १४० पर्यंत नेतो. इंजेक्टरची कॉइल म्हणजे इंडक्टर, तिच्यात करंट किती वेगाने चढेल ते व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज वाढला की करंट लवकर चढतो, आतला पॉपेट (छोटा व्हॉल्व्ह) लवकर उचलला जातो. जुन्या, जड झालेल्या इंजेक्टरला थंडीत याचा फायदा होतो, तुम्हाला जो फरक दिसला तो खराच आहे.

पण याच्या तीन जागा कच्च्या राहतात. एक, नव्या रेझिस्टरचा सोल्डर. हा बॉक्स सतत थरथरतो आणि तापतो, कच्चा सोल्डर तडकतो, आणि फीडबॅकच तुटला तर व्होल्टेज भलतीकडे जातो किंवा मॉड्यूल बंद होतो. दोन, कपॅसिटर. त्यावर छापलेली व्होल्टेजची मर्यादा नव्या व्होल्टेजपेक्षा आरामात वर आहे का ते न बघता काम केलेलं मी पाहिलंय. तीन, आणि यावर कुणी बोलत नाही, झाकण परत लावताना वापरलेला सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो. बंद डब्यात ते तांब्यावर आणि सोल्डरवर बसतं. काही महिन्यांत हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा न्यूट्रल सिलिकॉनच लावायला हवा.

तुमच्या केसमध्ये मात्र मॉड्यूलचा ड्रायव्हर तापल्यावर एकाच बँकेसाठी तुटतोय की बाहेरचा जोड, हे मॉड्यूल बदलूनच कळेल. उघडायची घाई नको.

रस्तोरस्ती :
खूप आभार दोघांचे. मूळ आयडीएम म्हणजे हाच, बदललेला. पण एकजण त्याचा स्टॉक आयडीएम द्यायला तयार आहे. दरम्यान बझ टेस्ट (स्कॅनरवरून इंजेक्टरच्या कॉइल नुसत्या वाजवून बघणं) केली, थंड इंजिनवर. आठही इंजेक्टर वाजतात, कोड नाही. म्हणजे वायरिंग ठीक म्हणायची का?

वायरगुंता :
थंडीत वाजले याचा अर्थ थंडीत ठीक आहेत, बस. दोष गरम झाल्यावर येतो तर टेस्टपण गरम इंजिनवरच करायची. चालवून आण, पूर्ण तापव, इंजिन बंद कर आणि लगेच चावी ऑन करून बझ टेस्ट लाव. आधी आठही एकत्र वाजतात, मग १ ते ८ क्रमाने एकेक. कान उजव्या बाजूला ठेव. १-३-५-७ गप्प राहिले आणि २-४-६-८ वाजले तर चित्र पक्कं.

आणि काळंतेल म्हणतोय ती ऑइलची शंकापण इथेच मिटेल. बझ टेस्टमध्ये इंजिन फिरत नाही, तेलाचा दाब नसतो, नुसती कॉइल वाजते. इथे गप्प राहिला तर तो विजेचाच दोष.

जाता जाता विचारतो, पीसीएमच्या मागे ट्यूनिंगची चिप लावली आहेस का?

रस्तोरस्ती :
नाही, चिप नाही. फक्त आयडीएम.

हळूचालव :
मध्येच घुसतो, माझ्याकडेही १४० वालाच आहे पण कोड पी१२९८, आणि गाडी कधीकधी सुरूच होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. परत चावी फिरवली की कधी सुरू. एकदा पी१६६८ पण आला होता. मॉड्यूल तयार केलेलाच विकत घेतला होता. वेगळा धागा काढू का?

मीटरवाली :
इथेच विचारा, विषय तोच आहे. तुमचे कोड वेगळ्या घराण्यातले आहेत. पी१२९८ म्हणजे आयडीएम फेल अशी नोंद, आणि पी१६६८ म्हणजे पीसीएमचं आणि आयडीएमचं बोलणं तुटलं. हे दोन्ही मॉड्यूल खराब झाला की येतात आणि मॉड्यूलला नीट करंट मिळाला नाही तरी येतात. म्हणून आधी पुरवठा. आयडीएमचा रिले, फ्यूज, त्याचं अर्थिंग. आयडीएमच्या प्लगवर बारा व्होल्टची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये स्टार्टर फिरताना किती व्होल्ट राहतात ते बघा, नुसती चावी ऑन करून नाही. दोन बॅटऱ्यांपैकी एक जरी मरायला आली असेल तर स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज खाली बसतो आणि मॉड्यूलला तेवढंच काम करायला जास्त करंट ओढावा लागतो. १४० चा असेल तर आणखी जास्त.

तिथे सगळं बरोबर निघालं तर मग बॉक्स उघडा. हा बॉक्स ड्रायव्हरच्या बाजूला फेंडरपाशी असतो, पाण्याचा रस्ता आहे तो. आधी एकदा झाकण उघडलेलं असल्यामुळे कंपनीचं सीलिंग राहिलेलं नाही. वास घेऊन बघा, खरंच. आंबट वास आला तर मी वर म्हटलं तेच.

हळूचालव :
रिले अदलाबदल करून बघितला, फरक नाही. बॅटऱ्यांवर लोड टेस्ट केली, दोन्ही ठीक. स्टार्ट करताना प्लगवर साडेदहाच्या खाली जात नाही. झाकण उघडलं तर कडेने पांढरं, आणि एका कोपऱ्यात बोर्डवर हिरवं डाग पडल्यासारखं. वास आहे थोडा. स्टॉक मॉड्यूल मिळतोय का बघतो.

मीटरवाली :
मग तुमच्या बाबतीत मॉड्यूलच. तो बोर्ड साफ करून परत वापरायचा मोह होईल, पण पिनच्या आत आणि पार्टच्या खाली गेलेलं ॲसिड ब्रशने निघत नाही. बदलाच.

काळंतेल :
माझा या व्होल्टेज वाढवण्यालाच विरोध आहे, स्पष्ट सांगतो. इंजेक्टर घासलेत म्हणून थंडीत फडफडते, तर इंजेक्टरचं काम करा. व्होल्टेज वाढवून तुम्ही लक्षण झाकता. आणि बाकीची सगळी वायरिंग वीस-पंचवीस वर्षं जुनी, तिचं इन्सुलेशन कडक झालंय, पिना काळ्या पडल्यात, तिच्यावर जास्त व्होल्ट टाकायचे म्हणजे काय.

वायरगुंता :
तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. जुन्या वायरिंगवर जास्त व्होल्टेज टाकला की कच्चे सांधे उघडे पडतात हे मान्य. पण ते सांधे आधीच कच्चे असतात. स्टॉक व्होल्टेजवर तोच सांधा आणखी काही महिन्यांनी तुटलाच असता आणि तेव्हाही आपण इथेच बसून पी१२९३ वाचत असतो. माझं म्हणणं एवढंच की मॉड्यूल बदलायच्या आधी व्हॉल्व्ह कव्हरचे जोड आणि हार्नेस नवीन करा, मग १४० लावा. उलट क्रमाने केलं की दोष कशाचा हे शोधायला दुप्पट वेळ जातो.

पाना_दहाचा :
याच इंजिनावर बराच काळ काम केलंय. रस्तोरस्ती, उजव्या बाजूचा नऊ पिनचा प्लग बघ. त्या नऊ पिना म्हणजे चार इंजेक्टर, चार ग्लो प्लग (थंडीत सुरू करताना सिलिंडर तापवणारे) आणि एक ती सामाईक हाय साइड. ग्लो प्लग खूप करंट ओढतात, तोही थंडीत दोन मिनिटांपर्यंत. त्यामुळे त्या प्लगचं प्लास्टिक तापून तापून मऊ होतं, पिना ढिल्या होतात, कधी वितळतातही. बाहेरचा प्लग काढून बघ, एखादी पिन तपकिरी झाली असेल तर कळेलच. पण बाहेरून चकचकीत दिसला म्हणून सोडू नको. आतल्या बाजूने हार्नेसचा प्लग गॅस्केटच्या जोडावर दाबून बसतो आणि तो गरम तेलात राहून हळूहळू वर सरकतो. थंड असताना टेकलेला, तापल्यावर सुटलेला. तुझी लक्षणं तंतोतंत हीच आहेत.

मोजायचं असेल तर गरम असतानाच, बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढून, बाहेरचा प्लग उपटून इंजिनाच्या बाजूला मीटर लाव. सामाईक पिन आणि प्रत्येक इंजेक्टरची पिन यांच्यात साधारण तीन ओहम यायला हवेत. आधी मीटरच्या दोन टोकांना एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा वजा कर, इतक्या लहान मोजमापात तो फरक पाडतो. नेमका आकडा किती यापेक्षा चारही सारखे येतायत का ते महत्त्वाचं. आणि त्याच पिना इंजिनच्या लोखंडाला अजिबात लागता कामा नयेत, मीटरने उघडंच दाखवलं पाहिजे. कुठली पिन कशाची ते तुझ्या वर्षाच्या वायरिंग डायग्रामवरच बघ. १९९७ पर्यंतच्या गाड्यांना एका बाजूला दोन प्लग आहेत आणि तिथे मांडणी वेगळी.

डाव्या बाजूलापण एक नजर टाक, हार्नेस व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टवर घासतो आणि वरून टेप शाबूत असली तरी आत तांबं उघडं पडलेलं असतं.

रस्तोरस्ती :
अपडेट देतो. स्टॉक आयडीएम लावून त्याच चढावर गेलो. सुरुवातीला काहीच झालं नाही आणि मी खूश होतो, पण परतताना वर चढताना तोच झटका, आणि कोड परत पी१२९३. म्हणजे मॉड्यूलचा दोष नाही. घरी येऊन लगेच गरम इंजिनवर बझ टेस्ट लावली. १-३-५-७ एकही वाजला नाही. प्लग काढून मोजलं तर सामाईक पिनपासून चारही उघडे. तिथेच थांबून इंजिन थंड होऊ दिलं आणि परत मोजलं तर चारही तीनच्या आसपास. इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

पाना_दहाचा :
मग कव्हर उघड. उजव्या बाजूला हात घालायला जागा कमी आहे, वरचे पाइप आधी मोकळे कर, नाहीतर बोल्ट तेलात पडतात. गॅस्केट स्टीलचं आहे, रबर फाटलेलं नसेल तर परत वापरता येतं, पण त्यातला विजेचा जोड तपकिरी असेल तर नवीनच घे. आतला हार्नेसही नवीन. आतला प्लग वर सरकू नये म्हणून प्लग आणि कव्हर यांच्या मध्ये बसणारी क्लिप मिळते, ती नक्की लाव. आणि एक बाजू उघडलीच आहेस तर दुसरी बाजूपण त्याच वेळी कर, तिचंही वय तेवढंच आहे.

रस्तोरस्ती :
उघडलं. आतला प्लग जवळजवळ अर्धा वर आला होता, बोटाने हलत होता. सामाईक पिनेवर काळा थर आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगलेलं. ग्लो प्लगच्या दोन पिनांचीही तीच अवस्था, म्हणजे थंडीतल्या धुराला हेही कारण असणार. दोन्ही बाजूचे हार्नेस, गॅस्केट, क्लिपा नवीन टाकल्या. आधी स्टॉक आयडीएम ठेवूनच ट्रेलर ओढला, मग १४० लावून. दोन्हीवर झटका नाही, कोड नाही. आणि ग्लो प्लगचे जोड नवीन झाल्यामुळे स्टॉक आयडीएमवरसुद्धा थंड इंजिन आधीपेक्षा खूप बरं सुरू होतंय. १४० चा फरक अजून जाणवतो, पण आधी वाटला तेवढा मोठा नाही. तो मॉड्यूल मीटरवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे उघडून बघितला, कपॅसिटरची मर्यादा पुरेशी आहे आणि सिलिकॉनला वास नाही, म्हणून ठेवतोय.

काळंतेल :
छान झालं. आयसीपी मी उगाच मध्ये आणला, पण कोड बघून तू तो लगेच बाजूला ठेवलास ते बरोबर केलंस.

मोठाट्रेलर :
धागा फार उपयोगी आहे. माझी ६.० लिटरची पॉवरस्ट्रोक आहे, त्यात इंजेक्टर चालवायला आयडीएमऐवजी एफआयसीएम मॉड्यूल असतो ना? त्यातही ५८ व्होल्टचा पॉवर बोर्ड टाकला आहे आणि एफआयसीएमच्या दोषाचा पी०६११ येतोय. हेच सगळं लागू होतं का?

मीटरवाली :
विचार करायची पद्धत तीच, आकडे वेगळे. ६.० मध्ये मूळ ४८ व्होल्ट आणि प्रत्येक इंजेक्टरला दोन कॉइल, एक उघडायला आणि एक बंद करायला. तिथे पॉवर बोर्डाला मारणारी गोष्ट म्हणजे कमजोर बॅटरी आणि थकलेला अल्टरनेटर. पुरवठा खाली गेला की बोर्ड जास्त करंट ओढतो, तापतो, सोल्डर तडकतो. त्यामुळे पी०६११ बरोबर पी१३७८ (एफआयसीएमचा पुरवठा कमी) पण आला असेल तर आधी बॅटरी, वायरिंग आणि रिले, बोर्ड नंतर.

मोजताना तीन वेळा मोजा, नुसती चावी ऑन, बझ टेस्ट चालू असताना आणि स्टार्टर फिरताना, आणि तेही रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीवर. स्टॉक बोर्ड कुठल्याही वेळी ४५ च्या खाली जाता कामा नये. तुमच्या ५८ वाल्याचा आकडा स्टार्टरच्या वेळी किती खाली बसतो ते स्कॅनरवर न बघता मीटरने थेट मोजा आणि इथे टाका. तिन्ही आकडे आणि बॅटरीचा त्याच वेळचा आकडा मिळाला की सांगता येईल.